शेपूट तोडलेली फाइल

४ फेब्रुवारी

दादा,

साष्टांग नमस्कार वगैरे या वेळी राहू दे. तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, म्हणून हा कागद. पत्र काही तुला बंद करता येत नाही. फार तर न वाचता टोपलीत टाकशील, पण वहिनी ते टोपलीतून काढून वाचेल आणि जेवताना तुला सांगेल, एवढी मी तिला ओळखते.

शेजारचा औषधवाला काल पुन्हा येऊन गेला. आपल्या मधल्या भिंतीवर हात फिरवत उभा होता, म्हैस विकत घ्यायला आल्यासारखा. म्हणाला, "ही पाडली की माझं दुकान दुप्पट होईल."

मी म्हटलं, "आणि माझं?"

"तुमच्या भावाची सही झालीय, ताई. तुमचीच तेवढी राहिलीय."

अण्णांनी दुकान आपल्या दोघांच्या नावावर ठेवलं, त्यामुळे तुझी एकट्याची सही म्हणजे एका पायाची चप्पल आहे, हे मी त्याला सांगितलं. तो हसला नाही. तूही हसणार नाहीस. अण्णांना जाऊन वर्ष झालं, आणि त्या वर्षात तू मला सही कर याखेरीज एक अक्षर कळवलेलं नाहीस.

वहिनीच्या तोंडून तुझे तीन हुकूम पोचले. सही कर. भरतकामाची मशीनं कुणाला तरी देऊन टाक. आणि अण्णांचा जुना कॉम्प्युटर भंगारात घालण्याआधी आतून पूर्ण पुसून घे.

पहिले दोन समजले. तिसरा नाही समजला. त्या डबड्यावरची धूळसुद्धा तू कधी पुसली नाहीस, आणि आता त्याच्या पोटातलं पुसायची एवढी घाई? पुसून घे असं तू म्हणाला नसतास तर मी तो तसाच देऊन टाकला असता. तू म्हणालास, म्हणून सुरू केला.

अजून चालतो. आधी कण्हतो, मग गिरणीसारखा घरघरतो, आणि माझा चहा पिऊन होतो तेव्हा कुठे पडदा उजळतो. आत सगळं अण्णांनी ठेवलं तसंच आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं फोल्डर. शाळांचे बिल्ले, हॉटेलांचे एप्रन, पहारेकऱ्यांच्या टोप्या. आणि एकाही फाइलीला शेपूट नाही. ते तुला आठवत असेल. एक कारागीर आपली डिझाइनं फ्लॉपीवर भरून समोरच्या दुकानात घेऊन गेला, तेव्हापासून अण्णा प्रत्येक फाइलीच्या नावातली टिंबापुढची अक्षरं खोडून टाकायचे. कॉम्प्युटर त्यावरूनच ओळखतो ना, हे चित्र की हिशेब की भरतकाम. चोरून नेली तरी चोराला उघडता येऊ नये, असा त्यांचा हिशोब. मशीनवर काम लावायचं झालं की शेपूट परत जोडायचे. आपल्या मालाला आपणच मुकं करून ठेवायचं, हे अण्णांनाच सुचू जाणे.

पण एक फाइल मला कोणत्याच गिऱ्हाइकाच्या फोल्डरात नाही सापडली. ती प्रिंटरच्या फोल्डरात होती, जिथे कुणी कधी फिरकत नाही. छोटीशीच आहे. नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलंय, "आपले".

काय आहे ते? तुला माहीत आहे. नाहीतर पुसायला सांगितलं नसतंस.

तुझी बहीण
(ही अजून आहे)


१३ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलं. म्हणजे वहिनीचं, दुकानाच्या फोनवर. आवाज दबका, मागे तुझं खाकरणं स्वच्छ ऐकू येत होतं. "वन्सं, हे म्हणतायत ती फाइल उघडू नका. खरंच नका उघडू. काही नाही त्यात."

काही नाही, म्हणून उघडू नको! लहानपणी तू "वरच्या फळीवर काही नाहीये" म्हणालास की मी त्याच क्षणी स्टूल ओढायचे. इतक्या वर्षांत तुझी खोटं बोलायची पद्धत पैभरही सुधारली नाही.

तर मी उघडायला बसले. कॉम्प्युटर विचारतो, कशाने उघडू? मी म्हटलं, फोटो समज. म्हणाला, हा फोटो नाही. गाणं समज. गाणं नाही. हिशेबाच्या तक्त्यात घातली तर तक्ता गपकन मिटला आणि कॉम्प्युटरच बंद पडला. धागे कापायला येतात त्या काकू बाजूला बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "एवढं तर माझ्या नवऱ्यानं पण माझ्यापासून लपवलं नव्हतं, आणि त्यानं पुष्कळ लपवलं होतं."

मला आता काय वाटतंय ते सांगते. हसायचं असेल तर हस.

शेवटची दोन वर्षं अण्णांचे हात थरथरायचे. पंचिंग, म्हणजे चित्र बघून मशीनसाठी एकेक टाका रचायचं काम, ते सगळं मी करत होते. गिऱ्हाईक मी सांभाळत होते. सुया मी बदलत होते, मशीनच्या पोटात हात घालून तेल मी देत होते. अण्णा फक्त दुपारी त्या जुन्या कॉम्प्युटरपुढे बसायचे, दाराकडे पाठ करून. मी आत आले की पडदा काळा करायचे. "जा, बॉबिनं घेऊन ये," म्हणायचे. बॉबिनांनी खण भरलेला असायचा, तरी मी जायचे. वाटायचं, म्हाताऱ्याला काहीतरी गुपचूप करायचंय, करू दे.

ते माझ्यासाठीच होतं असं मला वाटतं. चिठ्ठी असेल, त्यांचा आवाज असेल, काहीही असेल. तोंडावर कौतुक करणं त्यांना कधी जमलं नाही, म्हणून तिथे ठेवलं असेल. नाव "आपले". त्या दुकानात त्यांच्याबरोबर कोण होतं, दादा? मीच ना?

म्हणून हे लिहून देते, जपून ठेव. त्या फाइलीत जे असेल तो मी अण्णांचा शब्द मानेन. दुकान विका असं त्यात असेल तर औषधवाल्याकडे मी स्वतःच्या पायांनी जाईन आणि सही करून येईन. पण दुकान माझं असं निघालं, तर पुन्हा मला भिंतीबद्दल एक शब्द बोलायचा नाही.

मंजूर नसलं तरी मी उघडणारच आहे.

बहीण


२० फेब्रुवारी

दादा,

उघडली नाही अजून, पण ओळखली.

बाजारात एक कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आहे, सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. त्याला दुकानात बोलावलं. तो पडद्याकडे बघून म्हणाला, "शेपूट नसेल तर तोंड बघायचं. नुसती अक्षरं दाखवणाऱ्या साध्या प्रोग्रामात उघडा. आत सगळा कचरा दिसेल, त्याला घाबरू नका. वरची पहिली ओळ तेवढी वाचा. काही काही फाइली स्वतःची ओळख तिथेच देतात."

तसंच केलं. पानभर चौकोन, प्रश्नचिन्हं, उलटेसुलटे कानेमात्रे, सगळ्याची नुसती भेळमिसळ. आणि सगळ्यात वर इंग्रजी अक्षरांच्या जोड्या. एलए, त्यापुढे "आपले". एसटी, त्यापुढे एक मोठा आकडा. सीओ, त्यापुढे छोटा आकडा.

डॉक्टर डोकं खाजवायला लागला. मी मात्र खुर्चीतून उठलेच. "अहो, हे आमचंच आहे!"

"आमचंच म्हणजे?"

"भरतकाम! एलए म्हणजे नाव, एसटी म्हणजे टाके किती, सीओ म्हणजे दोरा किती वेळा बदलायचा. डिझाइन आहे हे!"

काकूंनी हातातली कात्री खाली ठेवली. "म्हणजे साहेबांनी तुमच्यासाठी काहीतरी भरायला काढलं होतं," म्हणाल्या. दादा, मला रडूच आलं. डॉक्टरला वाटलं फाइल खराब निघाली, म्हणून तो बिचारा माझी समजूत घालत बसला.

तू या धंद्यात कधी हात घातला नाहीस, म्हणून सांगते. अशा फाइलीत चित्र नसतंच. सुईने इथून तिथे जावं, तिथून पुढे जावं, आता थांबावं, एवढंच असतं. थांबली की दोरा बदलायचा. पण कोणता रंग घालायचा ते फाइलीला माहीत नसतं. ते कारागिराच्या डोक्यात असतं. अण्णांचं डोकं आता नाही, तेव्हा रंग मी ठरवणार.

आता शेपूट जोडलं की नव्या कॉम्प्युटरवर एका मिनिटात दिसेल. डॉक्टर तेच म्हणत होता, "बघून टाका ना." मी नाही म्हटलं. पडद्यावर बघून काम पास करायचं नाही, आधी कापडावर नमुना काढायचा, हा अण्णांचा नियम. पडदा मन मानेल ते रंग भरतो आणि सगळं गुळगुळीत दाखवतो. कापड काय ते खरं सांगतं. अण्णांचं काम अण्णांच्या नियमानेच बघेन.

उद्या शाळेच्या बिल्ल्यांची ऑर्डर द्यायची आहे. ती आधी. परवा सकाळी नमुना.

तुला अजूनही काही सांगायचं असेल तर परवापर्यंत वेळ आहे. दुकानाचा फोन तुला बंद करता आलेला नाही.

बहीण


२२ फेब्रुवारी

फोन आला नाही. हे पत्र टपालात पडेल तेव्हा माझा राग निवलेला असेल, म्हणून आत्ताच लिहिते, गरम गरम.

सकाळी एक सुईचं जुनं मशीन पुसून घेतलं. फ्लॉपी आता तेच एक घेतं. चांगलं पांढरं जाड कापड काढलं, खाली बक्रमचं कडक अस्तर लावलं, फ्रेम ढोलकीसारखी ताणून बसवली. काकू आज कात्री न घेता आल्या होत्या, नवी साडी नेसून. मी म्हटलं, "काय हो, समारंभ आहे का?" म्हणाल्या, "आहेच."

पहिला दोरा मी निळा घातला. गोल कड आली. बरी आली, पण एका ठिकाणी टाके विरळ होते, अण्णांचा हात कळत होता. दुसरा दोरा सोनेरी. त्यात सुई आणि रीळ यांचं चित्र आलं. तेव्हा समजलं की हा बिल्ला आहे, आपल्या दुकानाचा. आयुष्यभर दुसऱ्यांचे बिल्ले करणाऱ्या माणसाने शेवटी स्वतःचा करायला घेतला होता. तिसरा दोरा काळा. अण्णांचं नाव आलं. सरळ, ठसठशीत. त्याखाली बारीक अक्षरांत "आणि" आलं, आणि मशीन दोरा बदलायला थांबलं.

दादा, मी त्या "आणि"कडे बघत किती वेळ उभी होते मला माहीत नाही. काकू पाठीमागून म्हणाल्या, "आता तुमचंच येतंय बघा."

मी जांभळा दोरा काढला. माझा आवडता. गिऱ्हाइकाच्या कामात तो क्वचित वापरायला मिळतो, म्हणून खणात तसाच नवा होता. सुईत ओवला आणि हिरवं बटण दाबलं.

"चिरंजीव."

अण्णांचं नाव आणि चिरंजीव. माझ्या जांभळ्या दोऱ्यात, एकेक टाका घालत, माझ्या डोळ्यांसमोर. मशीन थांबवायला लाल बटण होतं. मी नाही दाबलं. शेवटच्या टाक्यापर्यंत उभी राहिले. काकू म्हणाल्या, "अगं बाई," आणि मग एक शिवी दिली. कुणाला दिली ते मी विचारलं नाही.

तर हे होतं "आपले". मी बॉबिनं आणायला गेले की अण्णा माझ्या पाठीमागे तुझी पाटी बनवत बसायचे. तू या दुकानात एक सुई ओवली नाहीस. मी इथे केस पिकवले. आणि "आणि"च्या पुढे तू!

फ्रेम सोडवताना अजून एक दिसलं. शेवटच्या शब्दाचं टोक बांधलेलंच नाही. अक्षर संपलं की चार बारीक टाके जागच्या जागी घालून दोरा अडकवायचा, ही आमच्या कामातली अगदी पहिली गोष्ट. ते विसरलं म्हणून अण्णांनी कितीजणांना घरी पाठवलं, आणि स्वतःच विसरले. मागचा दोरा ओढला असता तर सबंध "चिरंजीव" सरसर उसवून हातात आला असता.

काकू म्हणाल्या, "ओढा की! बघताय काय?"

नाही ओढला. रागात होते, पण एका शब्दाला घाबरून मी काही उसवत नाही.


३ मार्च

दादा,

काल तू फोन केलास. दुकानाच्या फोनवर, मशीनं चालू असताना. निम्मं मी बोलले नाही आणि निम्मं तुला ऐकू आलं नाही, म्हणून काय काय झालं ते पुन्हा लिहून ठेवते. नंतर तू "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणायला नकोस.

तू म्हणालास, "अण्णांनी मला त्याचा फोटो पाठवला होता. मी नाही म्हटलं त्यांना. मी परत येणार नाही, माझं नाव घालू नका, पुसून टाका, असं सांगितलं. मला वाटलं पुसलं असेल, पण खात्री नव्हती."

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

तुझा आवाज पडला होता, आणि तू खरं बोलत होतास ते मला कळलं. खोटं बोलतोस तेव्हा तू खाकरतोस. पण दादा, वाईट वाटायचं काम माझं आहे. ते माझ्या वतीने तू करत बसू नकोस. अण्णांनी ठरवलं मला काय दाखवायचं नाही, मग तू ठरवलंस मी काय उघडायचं नाही. दोघांनी मिळून मला इतकं जपलं की शेवटी माझं दुकानच विकायला काढलं.

मग तू हळूच म्हणालास, "पण तू लिहून दिलंयस. अण्णांचा शब्द मानीन म्हणून. पत्र आहे माझ्याकडे."

आहे ना? चौकट करून भिंतीवर लाव. मी तो शब्द फिरवते. झोपेत नाही, रागात नाही, दहा दिवस विचार करून फिरवते. लिहिताना मला खात्री होती की अण्णा माझ्या बाजूने बोलतील, म्हणून मोठ्या तोऱ्यात लिहिलं. ते नाही बोलले. मग? मशीनमध्ये तेल घालताना मी रोज त्यांची परवानगी मागत होते का? सुई मोडली तर फाइल उघडून बघत होते का, अण्णांना मी चालेन का म्हणून?

मला फार लागलं, ते कबूल करते. दोन दिवस त्या खोलीत गेले नाही. अण्णांवर चिडले आहे आणि चिडूनच राहणार आहे, गेलेल्या माणसावर चिडू नये असं काकू कितीही म्हणोत. ते असते तर मी त्यांना तोंडावर सुनावलं असतं. त्यांच्यावर माया आहे तीही तशीच आहे. दोन्ही राहू दे. पण चिरंजीवांना दुकान नको होतं आणि लेकीला विचारलंच नाही, मग मी कुणाच्या शब्दावर सही करू?

औषधवाल्याला काल संध्याकाळी सांगून आले. त्याच्या दुकानात गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोरच सांगितलं, "भिंत राहणार. पुन्हा तिच्यावर हात फिरवायचा नाही." तो म्हणाला, "तुमच्या भावाचं काय?" मी म्हटलं, "भाऊ माझा आहे, त्याचं मी बघते."

तर तुझं बघते. निम्मं दुकान तुझं आहे, ते मी एकदाही नाकारलेलं नाही. तुझ्या निम्म्याची काय ती व्यवस्था रीतसर करू. वकील तुझाच असला तरी चालेल. फक्त विकायचं नाही. कोर्टात जायचं असेल तर जा. मी तिथेही येईन, बिल्ल्यांची ऑर्डर संपवून येईन, म्हणून तारीख जरा बघून घे. सहीसाठी इथे येणार असशील तर येऊ नकोस. नुसता भेटायला येणार असशील तर दुकानावरच ये. वहिनीलाही आण. ती एकटीच तुमच्या घरात माझ्याशी बोलत होती.

तो जुना कॉम्प्युटर भंगारात जाणार नाही. त्यातल्या सगळ्या फाइलींना मी शेपटं जोडतेय, दुपारी दुपारी, एकेक करून. आता इथे काही मुकं ठेवायचं नाही. "आपले" तेवढी एक पुसली. तू सांगितलंस म्हणून नाही. ती बघून झाली म्हणून.

नमुना या पत्रासोबत पाठवते आहे. तो तुझा आहे, अण्णांनी तुझ्यासाठीच केला होता, तेव्हा तुझ्याकडेच राहू दे. रंग माझे आहेत, त्याला इलाज नाही. पाठवण्याआधी शेवटच्या शब्दाचं टोक हातानं पक्कं बांधलंय, कितीही ओढलंस तरी आता सुटणार नाही. माझ्या दुकानातून कच्चं काम बाहेर जात नाही.

तुझी धाकटी